चार खाचा

आधी मिळाला प्रोसेसर.
एडमंटनला निघताना हृषीराज
ओट्सच्या रिकाम्या डब्यात ठेवून गेला,
वर चिठ्ठी: वापर, नाहीतर विक.
बिस्किटाएवढा चौकोन,
पाठीवर हजारभर सोनेरी ठिपके.
म्हणजे नाल सापडली
आणि मी घोडा शोधायला निघालो
हल शहरात, बेव्हर्ली रोडवर,
नाइट शिफ्ट संपवून,
एक्स-रे विभागाचं कार्ड अजून गळ्यात.

निशिगंधा फोनवर म्हणाली होती,
तयार लॅपटॉप घे की गपचूप,
कशाला नसती उठाठेव.
तिला काय सांगू,
रात्रभर लोकांची मोडकी हाडं बघणाऱ्याला
एकदा काहीतरी जोडून बघावंसं वाटतं.

रेबवारच्या दुकानात फोनच्या काचा बदलतात,
किल्ल्या करून मिळतात,
आणि मागच्या फळीवर चार-पाच बोर्ड,
घासून निथळत ठेवलेल्या ताटांसारखे उभे.
त्याने दोन काढले.
एक लहान, अठ्ठ्याहत्तर पौंड, रॅमला दोन खाचा.
दुसरा एकशे चाळीस. चार खाचा,
शिवाय जी कार्डं मी कधी पाहिलीही नाहीत
त्यांच्यासाठी फटी.
सॉकेट दोघांचं तेच.

यातला जलद कोणता?
कुणीच नाही, रेबवार म्हणाला,
वेग बोर्डात नसतो.
मग बासष्ट पौंड कशाचे?
त्याने काउंटरवरची धूळ अंगठ्याने पुसली.
किती वर्षं ठेवणार आहेस?

व्हिसा अजून सतरा महिने.
हेच मिसेस ड्यूसबरीने विचारलं होतं
खोलीतला गालिचा बदलायच्या आधी,
आणि गालिचा तोच राहिला.
हेच जिमवाल्याने. मी महिन्याचा पास घेतला.
चमचे दोन आहेत माझ्याकडे, उशी एक.
कुंडी घ्यायला म्हणून गेलो होतो एकदा,
बॅटरीचे सेल घेऊन आलो.

मराठीत आपण म्हणतो, तो मदरबोर्ड.
नावात आई, आणि तरी तो.
कुणी ठरवलं, कोण जाणे.
इथे आईचं काही काढू नकोस,
मी स्वतःला बजावलं,
खरेदी चाललीय.

तू किती दिवसांसाठी आला होतास, रेबवार?
सहा महिने, तो म्हणाला,
आणि मागे न बघताच बोट दाखवलं:
एका खिळ्याला अकरा कॅलेंडरं,
एकावर एक.

चार खाचांचा घेतला.
वॉरंटी तीन वर्षं.
या देशात राहायची मुभा
माझ्यापेक्षा त्याला जास्त.

घरी जेवणाच्या टेबलावर पितळी खुंट्या बसवल्या.
प्रोसेसर दाबायचा नसतो, नुसता ठेवायचा.
मग दांडी खाली घेताना अशी करकरली
की वाटलं, गेले पैसे.
तो आवाज असतोच म्हणे.
रॅमच्या पट्ट्या दोनच होत्या.
पुस्तिका म्हणाली, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा,
शेजारी शेजारी नको.
इथल्या बसमध्ये वरच्या मजल्यावर
लोक बसतात तसं.

बटण.
काही नाही.
मागचा स्विच राहिला होता. परत बटण.
पंखा फिरला, काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली.
बोर्डाच्या लेखी एक जानेवारी होती
कुठल्यातरी गेलेल्या सालाची, रात्रीचे बारा.
बरोबर वेळ भरा, म्हणाला.

मनगटावर पावणेसहा, खिडकीत केव्हाच अंधार.
इचलकरंजीत सव्वाअकरा,
निशिगंधा दुधाचं पातेलं झाकून झोपली असेल.
मी जरा वेळ थांबलो.
मग पावणेसहा भरले.

पहिली आणि तिसरी खाच रिकामी आहे.
धूळ नको म्हणून डब्याचं झाकण लावलं,
स्क्रू मात्र दोनच,
आणि तेही हाताने फिरतील एवढेच.